बोरखडीचं पाळणाघर

११ फेब्रुवारी १९७३
बोरखडी, तालुका नांदगाव

पोचले एकदाची! नांदगाव स्टेशनबाहेर संस्थेचा ट्रक उभा होता, पण ड्रायव्हरशेजारच्या जागेवर तेलाचे डबे रचलेले. तो बिचारा ओशाळला. मीच म्हटलं, वर बसते. तेव्हा बोरखडीत माझी स्वारी दाखल झाली ती गव्हाच्या पोत्यांवर बसून, तोंडाला पदर गुंडाळून, पापण्यांपर्यंत धुळीनं माखून. वेशीपासून पोरं ट्रकमागं धावत होती. एकानं ओरडून विचारलं, "गव्हासंगं बाई बी वाटनार का?" सगळे हसले. मीही हसले.

राहायला तळ्याच्या कामावरच गोदामाला लागून पत्र्याची खोली आहे. एक खाट, एक कंदील, खिळ्याला आरसा. दादांनी घेऊन दिलेली ट्रंक खाटेखाली बरोबर बसली. दादा नाशिकरोडला गाडी हलेपर्यंत विचारत होते, जमेल ना विमल? आई मी लहान असतानाच गेली. तेव्हापासून आई आणि वडील दोन्ही दादाच, वेणी घालायलाही तेच. वेणी सदा वाकडी यायची.

दुष्काळ आम्ही नाशकात वर्तमानपत्रात वाचला. इथं तो पायांना लागतो. विहिरींचे तळ दिसतात, झाडांवर साली नाहीत, निम्मं गाव निफाडकडं ऊसतोडीला गेलेलं. राहिलेली माणसं मात्र कामावर जत्रेसारखी जमतात. पाझर तलावाची भिंत घालायची आहे. माती खणायची, वाहायची. बदल्यात संस्था दर आठवड्याला गहू आणि तेल देते. माझ्याकडं बायकांची बाजू: स्वयंपाक, पाणी आणि पाळणाघर. त्यासाठी बायका नेमायच्या, कामं वाटून द्यायची. पाळणाघर अजून नाहीच. आया लेकरांना उन्हात मातीच्या ढिगाशेजारी निजवतात आणि पाट्या उचलतात. तेच आधी करायचं.

पाटलीणबाईंनी मी कुठल्या आळीतली हे आडून आडून विचारलं. मी सरळ सांगितलं, आम्ही बौद्ध. चहा मिळाला, कप मात्र वेगळा होता. असो. चहा गोड होता.

१४ फेब्रुवारी

माणसं नेमणं म्हणजे नको म्हणायला शिकणं. स्वयंपाकघरात सावली आहे, वास आहे, म्हणून सगळ्यांना तेच काम हवं. शेवटी सखुबाईला घेतलं. आवाज खणखणीत, हात सढळ, आणि मुलांची लापशी ढवळताना तोंडात एक घास टाकत नाही हे मी लांबून पाहिलं.

पाळणाघरासाठी भिंतीच्या पलीकडचे तीन निंब निवडले. फांद्यांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या. सांभाळायला बाई मिळेना. अंगात जोर असलेल्या सगळ्या खणायला हव्यात. सकाळपासून एक बाई लांब उभी होती, पुढं येत नव्हती. वय फार नसावं, पण कपाळावरचे केस पांढरे. एका झोळीतलं लेकरू रडून रडून निळं पडायला आलं होतं. ती आली, कुणाला न विचारता त्याला उचललं, मानेखाली हात घातला, आणि ते गप्प झालं. मी तिथल्या तिथं तिला नेमली. नाव नवसाबाई.

संध्याकाळी सावळीरामभाऊ आले. ते इथले मुकादम, वयस्कर, फार बोलत नाहीत. म्हणाले, "ताई, तिला दुसरं कायबी काम द्या. पाळन्यापाशी नको." का, विचारलं. पायानं माती उकरत राहिले. मग म्हणाले, तिची तिन्ही लेकरं गेली, हिवाळ्यात. मी म्हटलं, भाऊ, लेकरं दुष्काळानं नेली, तिच्या हातानं नाही. दादांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात देव नाहीत, मग भुतं आणि पांढऱ्या पायाच्या बाया कुठून असणार? माझं मलाच बरं वाटलं.

२३ फेब्रुवारी

पाळणाघर छान चाललंय. सकाळी आया येतात, लेकरं देतात, पदर खोचून खणायला जातात. दुपारी लापशी. सगळ्यांची एकच पंगत, हा संस्थेचा नियम. नवसाबाईचं कौतुक वाटतं. कुठल्या लेकराला पालथं निजायला लागतं, कुणाला कानामागं खाजवलं की झोप लागते, तिला सगळं ठाऊक. कुसाबाई नावाची एक तरुण बाई आहे, तिचा पुंजा तीन वर्षांचा, महाखट्याळ, दगड मारतो, चावतो. तोही नवसाबाईच्या मांडीवर डोकं टाकून पडतो.

नवसाबाई गावात राहत नाही. तिथंच निंबाखाली पटकूर टाकून असते. घर नाही का विचारलं तर म्हणाली, हाय की, पन नको.

आज दुपारी तिनं मला खाली बसवलं आणि केसांना तेल लावलं. वाटपातल्या तेलाचा डबा निथळून निघालेलं बोटभर तेल. म्हणाली, "पोरीच्या जातीनं केस असे ठिवू नये." बोटं खरखरीत, पण किती हलकी. वेणी सरळ आली. तोंड धुवायच्या निमित्तानं मी खोलीत आले आणि थोडं रडले. का ते कळत नाही.

५ मार्च

आज नाशिकहून साहेब लोक पाहणीला आले. भिंत पाहिली, गोदाम पाहिलं, मग पाळणाघर. खणायच्या जागी एवढा गलका, आणि इथं तीन निंबांखाली टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मोठे साहेब म्हणाले, इतकी शिस्तीची मुलं मी कुठल्याच कामावर पाहिली नाहीत, बाकीच्या तळ्यांवर तुमचीच पद्धत लावू. मला आभाळ ठेंगणं झालं. दादांना लगेच लिहिलं.

नवसाबाई पदराआड तोंड करून उभी होती. साहेबांच्या सोबतच्या बाईंनी एका मुलीला बिस्कीट दिलं. मुलीनं ते घेतलं, खाल्लं नाही. नवसाबाईकडं बघत राहिली. नवसाबाईनं मान हलवल्यावर खाल्लं.

१० मार्च

ती शांतता आता बरी वाटत नाही. मुलं एकमेकांना मारत नाहीत, हिसकावत नाहीत, रडत नाहीत. झोळ्यांतली तान्ही डोळे उघडे ठेवून पडून असतात. खातात मात्र सपाटून. सखुबाई म्हणते, लापशी दुप्पट केली तरी ताटल्या चाटून पुसून. तरीही पोरांच्या बरगड्या पहिल्यापेक्षा जास्तच दिसतात.

मला अफूची शंका आली. मजूर बाया लेकरं निजावीत म्हणून चाटवतात, हे ऐकून होते. मी नवसाबाईचं गाठोडं सोडून पाहिलं. एक फणी, एक फाटकं परकर-पोलकं, लहान मुलाची टोपी. तिनं अडवलं नाही, रागावली नाही. शरमेनं मीच गाठ नीट बांधून दिली.

परत फिरले तर पुंजा निंबाच्या खोडाला दोन्ही तळहात टेकून उभा होता. खोडावर हळूहळू थापा मारत होता, आणि थकलेल्या आवाजात एकच म्हणत होता, "दार उघड. आई, दार उघड."

चहूकडं मोकळं माळरान. टळटळीत ऊन. दार कुठंच नव्हतं.

१५ मार्च

आज कुसाबाई काम टाकून माझ्याकडं आली. संध्याकाळी पुंजाला घरी न्यायला गेलं की तो ओळख देत नाही. "पुंजा" म्हटलं तर बघत नाही. "मल्हारी" म्हटलं तर ओ देतो. तिनं त्याला कुरवाळलं तर म्हणाला, तू कोन? माझी आई कामाला गेली. "ताई," ती म्हणाली, "माझं पोर माझ्याच घरात पाव्हन्यावानी बसतंय वो." तिच्या हाताला कुदळीचे फोड होते, त्यांतून पाणी येत होतं. ते तिच्या ध्यानातही नव्हतं.

मल्हारी कोण, हे मी सखुबाईला विचारलं. तिनं पळी खाली ठेवली आणि सांगितलं. ते आता लिहिते.

नवसाबाईचा नवरा ऊसतोडीला गेला तो आलाच नाही. घरात तीन लेकरं: मोठी हौसा, बारा वर्षांची, मधला मल्हारी, धाकटी चिमी अंगावर पिणारी. गावातली विहीर आटलेली. पोरं पाण्यासाठी आत उतरायची, एक पोरगा पडून मेला होता. मनमाडच्या रस्त्यावर खडी फोडायचं काम निघालं. तिथं लेकरं नेऊ देत नव्हते. म्हणून नवसाबाईनं पोरं घरात ठेवली, विहिरीकडं जाऊ नयेत म्हणून बाहेरून कुलूप घातलं, हौसाला सांगितलं, सांजच्याला येते, कुनालाबी आवाज देऊ नको, धाकट्यांना सांभाळ. आणि गेली. तिथं खडी फोडताना चक्कर येऊन पडली, ताप डोक्यात गेला. कुणीतरी ट्रकमध्ये घालून दवाखान्यात नेली. तापात ती सारखी "किल्ली, किल्ली" म्हणायची. नर्सबाईंना वाटलं, पेटीची किल्ली असेल. शुद्धीवर आली तोवर बरेच दिवस गेले होते. चालत आली. कुलूप तिनंच काढलं.

घर गावाच्या टोकाला. शेजारचे सगळे निफाडला. हौसा शहाणी पोर, सखुबाई म्हणाली. आईनं सांगितलं होतं म्हणून तिनं शेवटपर्यंत हाक मारली नसेल.

मी आज जेवले नाही.

१७ मार्च

नवसाबाईशी बोलले. वाटलं होतं ती नाकारेल, नाहीतर रडेल. ती झोळी हलवत राहिली. म्हणाली, "म्या बोलावलं नाय, ताई. तुमची आन. ती आपली आपून आली." पहिल्यांदा तिला फार भीती वाटली. मग पुंजानं तिचा पदर बोटाला गुंडाळला, तिचा मल्हारी गुंडाळायचा तसा. मग तिला भीती वाटेनाशी झाली. एवढंच मागितलं तिनं: "उपाशी गेलीत वो. पोटभर खाऊ द्या. खाल्लं की जातील."

मला काय म्हणायला हवं होतं? दादा असते तर काय म्हणाले असते? तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, पोरं तिचं ऐकून ऐकून तसं बोलायला लागली आहेत, हेच खरं असणार. तिला काढली तर ती उपाशी मरेल. पाळणाघर बंद केलं तर आयांना खणता येणार नाही, आणि खणलं नाही तर गहू नाही.

सखुबाईला सांगितलं, लापशी वाढवा. मुलांना हवं तितकं द्या.

२६ मार्च

पोट भरत नाही. सकाळी, दुपारी, उन्हं उतरताना, जेव्हा द्यावं तेव्हा खातात. पुंजाला आज माती खाताना धरलं. त्याच्या नखांत लाकडाची कुसळं होती. खोड खरवडतो.

सिंधुबाईची तान्ही मुलगी आईच्या अंगाला तोंड लावीना. सिंधुबाई दिवसातून अनेकदा कामावरून धावत येते, मांडीवर घेते, लेकरू तोंड फिरवतं. नवसाबाईनं घेतलं की तिच्या छातीला झोंबतं. आज नवसाबाईनं मला बाजूला नेऊन पोलकं दाखवलं. ओलं होतं. तिच्या चिमीला जाऊन महिने लोटलेत.

तिचा चेहरा मी कसा लिहू? त्यावर इतकं सुख होतं की मी बघूच शकले नाही.

२८ मार्च

तालुक्याहून डॉक्टर आणले. मुलांना रोग नाही म्हणाले. खायला घाला, म्हणाले. गेले.

२ एप्रिल

सिंधुबाईची मुलगी गेली. दुपारी, नवसाबाईच्या मांडीवर. दूध ओठांवर तसंच होतं.

सिंधुबाई पाटी टाकून धावत आली, लेकरू ओढून घेतलं. नवसाबाई सोडेना. दोघी दोन बाजूंनी त्या एवढ्याशा देहाला धरून, एकच हंबरडा. सिंधुबाई तिचं नाव घेऊन रडत होती, नवसाबाई "चिमे, चिमे" म्हणून. सावळीरामभाऊंनी नवसाबाईची बोटं सोडवली. मग ती मातीत बसली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "दुसऱ्यांदा गेली."

तिला नेमली मी.

३ एप्रिल

नवसाबाईला काढलं. मीच सांगितलं, दुसऱ्या कुणाला सांगायला लावलं नाही. माझा आवाज कसला कोरडा निघाला. तिनं गाठोडं उचललं. मुलांकडं न बघता गेली. गावाच्या टोकाला, तिच्या घराकडं.

मुलं उठून उभी राहिली होती. सगळी. तान्ही झोळ्यांतून माना वळवून. ती दिसेनाशी होईपर्यंत.

८ एप्रिल

पुंजानं आज सखुबाईला दगड मारला. पुंजानं दगड मारला! कुसाबाई त्याला उराशी धरून इतकी हसली, इतकी रडली. झोळ्यांतून रडारड सुरू झाली आहे, दोन मुली खेळण्यातल्या बाहुलीवरून भांडल्या. नवी बाई नेमली, लताबाई, थोडी आळशी आहे, ओरडते. चालेल. खूप चालेल.

म्हणजे संपलं. मग मला जेवण का जात नाही? आज गव्हाच्या वाटपाला सगळ्या बाया उभ्या होत्या, आणि एक नव्हती. भुकेल्या माणसाचं धान्य तोडायला मी नाशिकहून आले होते का?

११ एप्रिल

माझ्या वाट्याच्या गव्हाचं पीठ करून नवसाबाईकडं गेले. सावळीरामभाऊ वाटेत आडवे आले, म्हणाले, पीठ माझ्याकडं द्या, उंबऱ्यावर ठेवून येतो, तुम्ही आत जाऊ नका. मी ऐकलं नाही.

घर म्हणजे एकच खोली. खिडकी नाही. भर दुपारी आत विहिरीतला अंधार. दाराच्या आतल्या बाजूला, माझ्या खांद्याच्या उंचीपासून खाली, लाकूड पांढरं पडलेलं, तासल्यासारखं. मी तिकडं पाठ करून बसले.

नवसाबाईनं चूल पेटवली. भाकरी आधी मला वाढली. मी तिला काढलं हे ती बोललीच नाही. म्हणाली, किती वाळलीस पोरी. मी म्हटलं, मला माफ करा. ती म्हणाली, आईला कोन माफ करा म्हनतं व्हय?

वेणी घालून दिली. डाव्या बाजूला काहीतरी उबदार टेकलं होतं. मांजर असेल असं वाटलं. बाहेर आल्यावर आठवलं, या गावात मांजर उरलेलं नाही.

१९ एप्रिल

रोज जाते. कामावर लक्ष लागत नाही. सखुबाई म्हणाली, ताई, तुम्ही आमच्यावानी बोलायला लागला. हसत म्हणाली. पण मग हसायची थांबली.

त्या घरात बरं वाटतं. भीती वाटते आणि बरं वाटतं. आता दोन्ही बाजूंनी टेकतात. दचकत नाही मी. लहान आहेत. घाबरलेली आहेत. मोठं कुणीतरी जवळ हवं असतं त्यांना.

२४ एप्रिल

भूक लागते. खूप. लापशीच्या पातेल्याला बोट लावताना सखुबाईनं पाहिलं. मुलांची लापशी. मी! तोंड लपवून पळाले.

नवसाबाई आज म्हणाली, हौसे, पानी दे. मी दिलं. देऊन झाल्यावर समजलं काय झालं ते. तीही माझ्याकडं बघत होती, तांब्या हातात धरून. पाणी न पिता तिनं तो खाली ठेवला. म्हणाली, "जा तू. जा हितनं, ताई. परत येऊ नको."

ती मला हाकलत होती. तिनं मला हाकललं, हे लिहून ठेवते. तिचा दोष नाही.

२७ एप्रिल

गेले नाही.

२८ एप्रिल

गेले नाही. दिवसभर पत्र्याच्या खोलीत. उघड्या दारासमोर बसले तरी वाटतं दार लावलंय. दादांचं कार्ड आलं. "प्रिय विमल". बराच वेळ कळेना, कुणाचं कार्ड माझ्याकडं आलंय.

दादांना लिहायला हवं, न्यायला या म्हणून. लिहिते. आज—

३० एप्रिल

धाकटी दोघं एकटी असतील तिथं. आई एकटी काय काय बघणार.

नवसाबाई. नवसाबाई एकटी. मी विमल. वडील शिक्षक. नाशिक. मी विमल. आम्ही गंगापूर रोडला फिरायला जायचो, पेरू घ्यायचो, दादा मीठ लावून—

४ मे

आले. दारात बघून ती रडली. किती रडली. म्हणाली, कशाला आलीस गं. आणि जवळ घेतलं.

आता जायचं नाही. बाहेर ऊन लय.

७ मे

पीठ सरलं. आईला कामावर कुणी घेत नाही. म्हणाली, मनमाडाकडं जाते, खडीचं काम असंल. मी म्हटलं, नको जाऊ. चिमी रडत होती. मल्हारी पदर सोडीना.

म्हणाली, मला कळंना झालंय गं, काय खरं ते. तुम्ही तिघं हाय का नाय ते. पन हाय तर खायला लागंल ना.

विहिरीकडं जाऊ नका म्हणाली. कुनाला आवाज देऊ नको. सांजच्याला येते.

कुलूप वाजलं.

ती परत—

.

आज दिस उगवला. फटीतून दिसतं. आई आली नाय.

पानी धाकट्यांना दिलं. मी मोठी हाय.

.

बाहेर लोक आले. लय लोक. विमलताई, विमलताई, हाका मारत होते. मी मल्हारीच्या तोंडावर हात ठिवला. चिमीला छातीशी दाबलं. आईनं सांगितलंय.

मुकादमाचा आवाज वळखला. म्हणाला, बाहेरून कुलूप हाय, हितं कोन नाय, बाई गाव सोडून गेली दिसती. त्या कुलपाला हात लावायला कोनी धजंना.

एक म्हातारा होता. नाशकाहून आलाय म्हणत होते. दाराशीच बसला अन् रडला. विमल, बाळा, वाकडी तर वाकडी, मी घालीन वेणी, ये, असं कायबाय म्हणत होता. कोनाचा बाप हाय काय जानो. मला लय वाईट वाटलं. फटीतून बोट काढावं असं वाटलं त्याच्यासाठी.

नाय काढलं.

.

हात उचलत नाय. दार खरवडून कुसळं घुसली.

भिंतीची माती गार लागती. धाकट्यांना दिली.

.

मल्हारी बोलत नाय. चिमी बी.

मी गानं म्हनते त्यांच्यासाठी. हळू. बाहेर जाऊ नये म्हणून.

.

पावलं वाजली. आंगनात. एकाच मानसाची, पळत येतंय. किल्लीचा आवाज. आईच. आईच हाय. मल्हारी ऊठ रं. चिमे, ऊठ, बघ. म्या सांगितलं व्हतं ना, आई आ—